पावतीतात्या

तात्यांना कुणी समाजसेवक म्हटलेलं खपत नाही. मागे पेठेतल्या एका सत्काराच्या कार्यक्रमात सूत्रसंचालकाने ‘निःस्वार्थ समाजसेवक’ म्हणून त्यांचं नाव पुकारलं. शाल खांद्यावर पडायच्या आत तात्यांनी माइक ओढून घेतला. ‘सेवा-बिवा काय न्हाय. मी वसुलीवाला हाय. नारळ ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच, आन् ज्यांची वर्गणी बाकी हाय त्यांनी जाताना भेटा.’ निम्मी मंडळी मागच्या दाराने निघाली. मागच्या दाराशी तात्यांनी आधीच एक पोरगा उभा करून ठेवला होता.

साताऱ्यातल्या आमच्या भागात तात्यांचं खरं नाव फक्त मतदार यादीत सापडतं. बाकी सगळ्यांना ते पावतीतात्या. एस. टी.त वाहक होते. छापील तिकिटांच्या गड्ड्या पेटीत ओळीने लावलेल्या असायच्या आणि चिमट्याने भोक पाडून एकेक तिकीट हातात यायचं, त्या काळात लागले. यंत्रातून तिकिटाची पट्टी सरसर बाहेर यायला लागली तेव्हा निवृत्त झाले. महामंडळाने चामडी पिशवी परत घेतली, सवय परत घ्यायची राहून गेली. आता खांद्याला शबनम असते. तिच्यात पावतीपुस्तक, कार्बन, दोन पेनं, धर्मादाय कार्यालयाच्या परवानगीची झेरॉक्स आणि सुट्ट्या पैशांचा स्टीलचा डबा. ‘सुट्टे नाहीत हो’ हे कारण महाराष्ट्रात कुठल्याही दारावर चालतं, तात्यांपुढे चालत नाही. पाचशेची नोट दाखवली तर उंबऱ्यावर बसून ते चारशे एकोणपन्नास मोजून देतात, आणि एक्कावन्नाची पावती फाडतात.

पावती कशाची, हा प्रश्न दुय्यम. गणपती, तालमीचं छप्पर, शाळेचं स्वच्छतागृह, कुणाच्या डायलिसिसचा खर्च, स्मशानातली शेड, वाचनालयाची कपाटं. तात्यांकडे वर्षभर कुठलंतरी पुस्तक सुरूच असतं. आणि त्यांचा अनुभव असा, की देणारा शीर्षक वाचतच नाही. एकदा गडबडीत गणपतीचं पुस्तक घरी राहिलं आणि तात्या स्मशानाच्या शेडचं पुस्तक घेऊन निघाले. चार घरं होईपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. पाचव्या घरच्या काकूंनी पावती चष्म्यापुढे धरली, आणि मोदकाऐवजी हे काय म्हणून जी किंकाळी फोडली ती राजवाड्यापर्यंत गेली असेल.

माणूस दान का देतो, यावर परदेशातल्या विद्यापीठांत बरंच संशोधन झालं आहे. जेम्स आंद्रेओनी नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1990 च्या सुमारास मांडलं, की दिल्याने देणाऱ्याच्या मनाला एक ऊब मिळते, आणि दुसऱ्याचं भलं व्हावं एवढ्यासाठीच नव्हे, तर त्या उबेसाठीही माणूस देत असतो. मी कुठेतरी वाचलेलं हे ज्ञान तात्यांना ऐकवलं. त्यांनी मान डोलावली. ‘ऊब मिळती की. पर ती मिळाली का न्हाय हे बघायला शेजारी लागतो.’

तात्यांचं सगळं शास्त्र या शेजाऱ्यावर उभं आहे, आणि त्या शास्त्राचं मुख्य हत्यार म्हणजे त्यांचा उजवा अंगठा. दारात उभं राहिल्यावर ते पैसे मागत नाहीत. पावतीपुस्तक उघडतात, अंगठा जिभेला लावतात आणि स्थळप्रती उलटत बसतात, जणू कोरं पान सापडत नाहीये. या उलटण्यात यजमानाला दिसायचं ते बरोबर दिसतं. समोरच्या देशमुखी वाड्याचे 501. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूचे 301. ज्याच्याशी नळाच्या पाण्यावरून भांडण आहे त्याचे 701. या पानावर तात्या जरा थबकतात, नाक पुसतात. आणि कुणी 51 वर बोळवण केली असेल तर त्या आकड्यावर अंगठा असा बसतो, की पोलिसांनाही ठसाच मिळावा, आकडा नव्हे. पान सापडेपर्यंत यजमानाच्या मनात हिशेब झालेला असतो. ‘किती लिहू?’ हा प्रश्न तात्या इतक्या हळू आवाजात विचारतात, की उत्तर आपोआप मोठ्याने येतं.

त्यामुळे पहिली पावती कुणाची, याला त्यांच्या लेखी मुहूर्तापेक्षा जास्त महत्त्व. नवं पुस्तक ते नाक्यावरच्या डॉक्टरांकडे फोडतात. डॉक्टर 2,001 देतात, कारण दवाखान्यात तेव्हा पंधरा पेशंट बसलेले असतात आणि तात्या नेमके तेव्हाच आत शिरतात. एक वर्ष डॉक्टर गावाला गेले होते, पोरांनी उत्साहाने पुस्तक किराणा दुकानात फोडलं आणि शेठजींनी 51 लिहिले. त्या वर्षी पेठच्या पेठ एक्कावन्नावर बसली. शेठजींच्या दुप्पट कमावणाराही म्हणाला, ‘शेठनी एवढे दिले, मी त्यांच्यापुढे जाणं बरं दिसत नाही.’ अशा वेळी माणसाला नम्रता कुठून सुचते, ते कळत नाही.

वेळ हीसुद्धा तात्यांची पारखलेली. पेन्शनवाल्यांकडे पहिल्या आठवड्यात. शेतकऱ्याकडे कारखान्याचं ऊसबिल बँकेत पडल्याची बातमी आली की दुसऱ्या दिवशी, कारण तिसऱ्या दिवशी त्या पैशाला ट्रॅक्टरचा हप्ता दिसायला लागतो. मुलगी बघायला पाहुणे आले असतील तर पोह्यांच्या बशा बाहेर आल्यावर. आणि जावई दिवाळसणाला आला असेल तर कधीही. जावयादेखत सासऱ्याने पाचशेच्या खाली आकडा सांगितल्याची एकही नोंद तात्यांच्या दप्तरी नाही. एका घरी तर सासऱ्याने हजार सांगितले आणि जावयाने खिशातून दोन हजार काढले. दोघांचाही फणफणाट तात्या जिना उतरेपर्यंत ऐकू येत होता. पावत्या दोन फाटल्या.

याउलट कुणाला एकट्याला, गल्लीत, अंधारात गाठून मागायचं नाही, हा त्यांचा दंडक. ‘एकटा माणूस लई शहाणा असतो. त्याला लगीच आठवतं का आपलंबी छप्पर गळतंय.’

मी एकदा त्यांना अंताजी दामोदर काळ्यांची गोष्ट सांगितली. गेल्या शतकाच्या सुरुवातीला या गृहस्थांनी माणशी एक पैसा मागत पैसा फंड उभा केला, टिळकांनी त्याला बळ दिलं, आणि त्यातून 1908 मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. माझा रोख जनतेच्या त्यागाकडे होता. तात्यांनी गोष्टीतलं नेमकं मर्म उचललं. ‘हुशार माणूस. शंभर मागितलं का लोक ताठ मानेनं न्हाय म्हनत्यात. एक पैसा न्हाय म्हनायला तोंड कुठं हाय? आन् एकदा हात खिशात गेला का कुनी पैसाच घेऊन भाईर येत न्हाय, बंदा रुपयाबी येतो.’ तेव्हापासून अडेलतट्टू घरांसमोर ते म्हणतात, ‘काय नको, दहा रुपये द्या, नुसतं नाव लागू द्या.’ दहा रुपये कुणीही देत नाही. दहा रुपयांची पावती आपल्या नावाने स्थळप्रतीत राहणार आणि तो अंगठा ती शेजाऱ्याला दाखवणार, या कल्पनेनेच माणूस शंभरावर येतो.

वरच्या एका रुपयाबद्दल मात्र तात्या स्वतः चक्रावलेले आहेत. एस. टी.त तिकिटाच्या मागे ‘1 रु. बाकी’ असं लिहून दिलं, की माणूस उतरताना तो रुपया घेतल्याशिवाय पायरी सोडत नसे. एक रुपयासाठी कोरेगावच्या स्टँडवर त्यांची कॉलर धरली गेली आहे, गाडी पोलीस चौकीला लावायची भाषा झाली आहे. आणि तोच माणूस घरी पाचशे काढतो आणि कुणी न मागता वर एक रुपया ठेवतो! शून्यावर थांबू नये, पुढे चालू राहावं, हा त्याचा अर्थ तात्यांना ठाऊक आहे. पण बसमधला रुपया हक्काचा आणि इथला पुण्याचा, हे एकाच नाण्याला कसं कळतं, हे कोडं त्यांना नोकरीभर सुटलं नाही. आता ते सोडवायचा प्रयत्न करत नाहीत. गोळा करतात.

देणगीदारांच्या जाती तात्यांनी पाडल्या आहेत. त्यातली सगळ्यात सोपी जात नाववाल्यांची. शाळेला पंखा दिला तर पात्यावर नाव, बाक दिला तर पाठीवर नाव, घाटाची पायरी दिली तर पायरीवर नाव, मग त्या नावावर पाय देऊन गाव देवाला गेलं तरी चालतं. पंखेवाल्यांची अडचण अशी, की पंखा फिरायला लागला की देणगी दिसेनाशी होते. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी एका शाळेला पंखा देऊन खट्टू झालेले एक गृहस्थ पुढे भारनियमनाच्या काळात एकदम खुलले. रोज चार-पाच तास वीज नाही, मुलं घामाघूम, आणि छताला नाव स्वच्छ वाचता येतंय. वीज मंडळाने त्यांचं जितकं नाव केलं तितकं शाळेनेही केलं नसेल.

मी म्हटलं, नावासाठी देणं जरा हलकंच नाही का? तर तात्यांनी मला मुंबईचे दाखले दिले. तात्या व्याख्यानमालेला नेमाने जातात. पहिल्या रांगेत पुस्तक उघडून बसतात, म्हणजे वक्त्याला मानधनाचं पाकीट व्यासपीठावरच संस्थेला परत करण्याची इच्छा होते. तिथे त्यांनी हे सगळं ऐकलेलं. प्रेमचंद रायचंद यांनी मुंबई विद्यापीठाच्या मनोऱ्याला दोन लाख रुपये दिले आणि आईचं, राजाबाईचं, नाव मागून घेतलं. 1878 मध्ये तो उभा राहिला, आजही लोक खाली उभं राहून घड्याळ लावून घेतात. अण्णासाहेब कर्वे वर्गणी मागत दारोदार फिरले. त्यांच्या महिला विद्यापीठाला 1920 मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी 15 लाख देऊ केले, तेही आईच्या नावासाठी, आणि म्हणून श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव आजही पदवीच्या कागदावर छापलं जातं. के. ई. एम. रुग्णालयाला जोडून निघालेल्या सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाची देणगी तर नावाच्याही पुढे गेली. शिकवणारे डॉक्टर हिंदी माणसं असली पाहिजेत अशी अट घातली, तीसुद्धा इंग्रजांच्या राज्यात.

‘कळलं का?’ तात्या म्हणाले. ‘लाखवाला आईचं नाव मागतो. हजारवाला बापाचं. आन् पाचशेवाला स्वतःचं.’

ही श्रेणी मला पटली. फक्त स्मशानात ती उलटी लागू होते. तिथल्या बाकांसाठी देणग्या गोळा करताना एका कंत्राटदाराने बाकावर स्वतःचं नाव घालायचा हट्ट धरला. नाव, हुद्दा, मोबाइल नंबरसुद्धा. तात्यांनी समजावून पाहिलं, की तिथे बसणारा माणूस बांधकामाचा विचार करत नसतो. शेवटी कंत्राटदाराच्या आईने चुलीपुढून एकच वाक्य ऐकवलं आणि बाक आजोबांच्या नावाने गेला.

दुसरी जात ऐंशी-जीवाल्यांची. करात सूट मिळते का, हे विचारल्याशिवाय यांच्या मनाला पाझर फुटत नाही. एक निवृत्त बँक अधिकारी दर मार्चमध्ये तात्यांना स्वतःहून चहाला बोलवत. रोख देणगी 2,000 च्या वर गेली की सूट नाही, हा नियम आल्यापासून ते बरोबर 2,000 देत, एक रुपयाही वर नाही. पुण्य पुढे चालू राहण्यापेक्षा कलम महत्त्वाचं. मग नवी करप्रणाली आली. कर कमी, पण ही सूट नाही. साहेब नव्या प्रणालीत गेले आणि त्या मार्चमध्ये चहाचं बोलावणं आलं नाही. तात्या आपण होऊन गेले तेव्हा साहेब म्हणाले, ‘सरकारनेच धर्माची वाट बंद केली हो तात्या, आम्ही काय करणार!’ तात्यांनी त्यांना शेजारच्यांची स्थळप्रत दाखवली. 501 मिळाले. सूट नसलेले.

तिसरी जात जुनं देणाऱ्यांची. 2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीकडे महापूर आला, तेव्हा आम्ही एका मंगल कार्यालयात मदतीचं सामान गोळा करत होतो. चांगलं सामान पुष्कळ आलं, हे आधी सांगितलं पाहिजे. एका तालमीच्या पोरांनी रात्रभर चपात्या लाटून घेतल्या, त्या लाटणाऱ्या घरांची नावं कुठल्याही फलकावर नाहीत. पण गाठोडी सोडायला बसलो आणि थक्क झालो. ब्लाउज नसलेली साडी. साडी नसलेला ब्लाउज. शेरवानीचा फक्त झब्बा. डाव्या पायाचे दोन बूट, दोन वेगवेगळ्या घरांतून आलेले. एक रेशमी टाय होता, तोही गाठ मारलेला, म्हणजे छातीभर पाण्यातून निघालेल्या माणसाला गळ्यात घालायला वेळ लागू नये. तात्यांनी सगळं शांतपणे वेगळं काढलं आणि म्हणाले, ‘ह्यांनी दान न्हाय दिलं. माळा झाडला.’ मग टाय देणाऱ्याचा पत्ता पिशवीवर सापडल्यावर त्याच्याकडे जाऊन तो गाडीच्या डिझेलचे पैसे घेऊन आले. टाय परत केला नाही. तारण ठेवला म्हणाले.

पण तात्यांची सगळ्यात लाडकी जात म्हणजे गुप्तदानवाले. या हाताचं त्या हाताला कळू नये म्हणणारी माणसं. वाचनालयाच्या कपाटांसाठी एका गृहस्थांनी 5,000 रुपये दिले आणि डोळे मिटून म्हणाले, ‘नाव नको. एक हितचिंतक, एवढंच लिहा.’ तात्यांनी फळ्यावर तसंच लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून ते गृहस्थ वाचनालयात यायला लागले. याआधी त्यांना तिथे कुणी पाहिलं नव्हतं. वर्तमानपत्र उलटं धरून फळ्याखाली बसायचे आणि कुणी फळ्यासमोर थांबलं की कान टवकारायचे. चौथ्या दिवशी दोन पेन्शनरांनी तर्क केला, की हा हितचिंतक म्हणजे नक्की नाक्यावरचे डॉक्टर. गृहस्थ अस्वस्थ झाले. ‘कशावरून डॉक्टर?’ त्यांनी विचारलं. ‘दुसरं कोण देणार एवढे?’ हे उत्तर मात्र त्यांच्या वर्मी लागलं. संध्याकाळी तात्यांच्या घरी आले. म्हणाले, नाव नकोच आहे, पण निदान डॉक्टर नाहीत एवढं तरी फळ्यावर लिहा. तात्यांनी खडू हातात दिला. आज त्या फळ्यावर ‘एक हितचिंतक’ याच्यापुढे कंसात पूर्ण नाव, पेठ आणि माजी हुद्दा आहे. अक्षर त्यांचंच.

आमच्या कट्ट्यावर एक निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांना हे सगळं अश्लाघ्य वाटतं. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत, हे ते तात्यांना दर पावसाळ्यात समजावतात: कर्तव्य म्हणून, परतफेडीची आशा न ठेवता, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला दिलेलं ते सात्त्विक, फळाकडे डोळा ठेवून किंवा जिवावर येऊन दिलेलं ते राजस, अवेळी, अपात्री, अवमान करून दिलेलं ते तामस. ‘तुमचं सगळं संकलन राजस आहे तात्या. लाजेने, ईर्षेने, नावासाठी दिलेलं.’ तात्या हात जोडून ऐकतात. मग म्हणतात, ‘खरं हाय सर. पर पत्र्याला कुठं कळतंय पैसा सात्त्विक का राजस? त्यो आपला पानी थांबवतो. तुमचं किती लिहू?’ प्राध्यापकांचे अजून लिहिलेले नाहीत. फलाची आशा मनातून पूर्ण गेल्याशिवाय द्यायचं नाही असं त्यांनी ठरवलं आहे, आणि ती अजून जायची आहे. मी या वादात तात्यांच्या बाजूचा. शुद्ध हेतूची वाट बघत बसलेली संस्था मी पाहिलेली नाही. पाहिली असती तर तिचं छप्पर पडलेलं असतं.

तात्यांचं म्हणणं असं, की हे आजचं नाहीच. भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, पुढे साताऱ्यात वसतिगृह चालवलं, तिथल्या पोरांसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा विकलं. गावोगावच्या बायका त्या पोरांसाठी मूठभर धान्य बाजूला काढत. तात्यांची आजीही काढायची. आम्हा ऐकणाऱ्यांचे डोळे इथे पाणावायच्या बेतात असतात, तेवढ्यात तात्या पुढचं सांगतात. आजीला मुलांच्या शिक्षणाचं फारसं काही कळत नव्हतं. जावेचं मडकं आपल्या आधी भरता कामा नये, एवढं मात्र कळत होतं. म्हणून तिची मूठ दिवसेंदिवस मोठी होत गेली, आणि आजोबा ओरडायला लागल्यावर ती पोरांना परस्पर मागच्या पडवीतून धान्य द्यायला लागली. ‘लक्ष्मीबाईंसारखी लाखात एक. बाकीच्या समद्या माझ्या आजीसारख्या. पर पोरं दोन्हींवर शिकली.’

एका गोष्टीचा मात्र मला उलगडा होत नाही. मागल्या वर्षी मी त्यांच्याबरोबर फिरत होतो. एका घरासमोर ते थांबले नाहीत. तिथला मुलगा एम. आय. डी. सी.त कामाला होता, कंपनी बंद झाल्यापासून घरी आहे. तात्यांनी चालता चालता पुस्तक उघडलं, त्या घराच्या नावाने 101 ची पावती लिहिली, स्वतःच्या खिशातले पैसे डब्यात टाकले आणि वरची पावती दाराच्या फटीतून आत सरकवली. मी बघतोय हे लक्षात आल्यावर खेकसले, ‘बघतोस काय? मधलं घर रिकामं दिसलं का पुढची तीन घरं सुटत्यात. धंद्याचा हिशेब हाय हा.’ असेल. पुढच्या तिन्ही घरांनी 101 च दिले, हेही खरं. आणि त्या पुस्तकात चार ठिकाणचं अक्षर असंच चालताना लिहिल्यासारखं वाकडं आहे.

आता मंडळात नवी पोरं आली आहेत. त्यांनी दोन वर्षांपूर्वी तात्यांना सांगितलं, की दारोदार फिरणं जुनं झालं, मांडवाच्या खांबाला क्यूआर कोड लावू, लोक आपण होऊन देतील. लावला. लोक आले, आरती केली, कोडचा फोटो काढला, ‘घरी जाऊन करतो’ म्हणाले आणि घरी जाऊन जेवले. सातव्या दिवशी खजिनदाराचा चेहरा बाप्पाच्या उंदरासारखा झाला. तात्यांनी खांबाकडे बघून निदान केलं, ‘ह्याला डोळं न्हाईत. ह्याची लाज कुनाला वाटायची?’

मग त्यांनी कोपऱ्यावरच्या वडापाववाल्याकडे बोट दाखवलं. त्याच्या गाडीवर पैसे आले की मोठ्याने बोलणारी ती डबी असते. संध्याकाळपर्यंत मंडळाच्या नावाची तशी डबी आली आणि तात्यांनी ती ऐन आरतीच्या ताटाजवळ, माइकसमोर ठेवली. पहिला नमस्कार करून एकाने 11 रुपये पाठवले. ‘अकरा रुपये प्राप्त झाले,’ असं मांडवाच्या चारही कर्ण्यांतून सगळ्या पेठेला ऐकू गेलं. त्या माणसाने मान खाली घालून पुन्हा फोन काढला. ‘चारशे नव्वद रुपये प्राप्त झाले.’ ज्यांचं गणित चांगलं होतं ते हसले, पण 501 पूर्ण झाले. पुढची रांग अकराच्या वाटेला गेलीच नाही. माणसं आवाज नीट यावा म्हणून टाळ्या थांबायची वाट बघायला लागली. विसर्जनाच्या आदल्या रात्री ते बँकेतले साहेबही आले. त्यांनी 1,001 पाठवले आणि नेमका त्याच क्षणी ढोल सुरू झाला. साहेब बराच वेळ डबीकडे बघत राहिले. मग तात्यांजवळ येऊन म्हणाले, ‘अहो, आवाजच आला नाही.’

‘पैसे आल्यात साहेब,’ तात्या म्हणाले. ‘आवाज पायजे आसंल तर परत पाठवा.’

साहेबांनी परत पाठवले.

यंदा शबनममध्ये वाचनालयाच्या पत्र्यांचं पुस्तक आहे. गेल्या पावसाळ्यात कादंबऱ्यांचं आख्खं कपाट भिजलं. पावसाआधी पत्रे बसायला हवेत, म्हणून तात्या या रविवारी सकाळी निघतील. पुस्तक डॉक्टरांकडे फुटलेलं आहे. तुम्ही आमच्या भागातले असाल तर आकड्याचा विचार करत बसू नका, तो त्यांनी ठरवलेला असतो. ज्यांच्या स्मरणार्थ द्यायचे ते नाव तेवढं कागदावर स्वच्छ लिहून ठेवा, आणि आधी ‘कै.’ लावायचं की नाही हेही लिहा. मागल्या खेपेला घाईत एकाच्या नावाला ते चुकून लागलं, फळ्यावर तसंच चढलं, आणि ते गृहस्थ अजून तात्यांशी बोलत नाहीत. वर्गणी मात्र देतात.